पाच घरची, सात रानची

गुलाबाच्या झाडाला कधी काय सुचेल त्याचा नेम नाही, असं पूर्वी म्हणत. लाल फुलांच्या झाडावर एखादी फांदी एके दिवशी पांढरं फूल घेऊन उभी राहायची, आणि मालक आधी शेजारच्या पोरांवर संशय घ्यायचा, मग नर्सरीवाल्यावर आणि शेवटी स्वतःच्या चष्म्यावर. बागवाले याला ‘फांदी फिरली’ म्हणत. घरातलं एखादं माणूस फिरलं की आपण आवाज खाली आणून बोलतो, तसंच हेही बोलायचे. फक्त इथे त्या खालच्या आवाजात आनंद असे. कितीतरी नावाजलेले गुलाब असे कुणाच्या तरी कुंडीत, कुणाच्या तरी कुंपणाशी फांदी फिरूनच जन्माला आले.

टिचकी आली आणि झाडांचा लहरीपणा संपला. म्हणजे झाडं लहरीच राहिली, पण त्यांची लहर आधी कळू लागली. यंत्राचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे. पण देठावर टेकवलं की नखानं टिचकी मारल्यासारखा आवाज येतो, म्हणून नर्सरीवाल्यांनी त्याची टिचकी करून टाकली. केसाहून बारीक सुई अंकुरात शिरते, चार-दोन पेशी उचलते, त्यांची जनुकं वाचते, आणि त्या अंकुरातून पुढे येणारं फूल कोणत्या रंगाचं असेल ते मोबाइलवर दाखवते. तळेगावच्या नर्सऱ्यांत आता ‘हमी रंग’ अशी पट्टी बांधल्याशिवाय रोप विकलं जात नाही. लग्नाच्या शालूला जुळणारे गुलाब लोक साखरपुड्यालाच सांगून ठेवतात. गुलाबांच्या वार्षिक प्रदर्शनात फिरलेल्या फांद्यांसाठी एक वेगळं टेबल असायचं, ते यंदापासून बंद झालं. आश्चर्य आधीच ठाऊक असेल तर बक्षीस कशाचं द्यायचं, असं कमिटीचं म्हणणं पडलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

सबनीसांच्या बंगल्यात ही टिचकी आली ती त्यांच्या बायकोच्या, शरयूच्या, भाचीच्या पर्समधून. मृण्मयी, शरयूच्या धाकट्या बहिणीची मुलगी, ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीतच शास्त्रज्ञ होती. गणपती उठल्यावर चार दिवस मावशीकडे राहायला आली आणि आल्या आल्या म्हणाली, ‘‘काका, तुमची फांदी शोधून देते. एका दुपारचं काम आहे.’’

अच्युतराव आरामखुर्चीत बसले होते. तळेगावात त्यांना सगळे सबनीस सर म्हणत. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला आणि उरलेला गुलाबांत. त्यांनी मान थोडी वळवली. हल्ली कुणाकडे पाहायचं झालं तर ते तोंड दुसरीकडे करत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोरचं पुसल्यासारखं दिसे, कडेचं तेवढं थोडं शाबूत होतं. यावर औषधं निघाली होती, पण ती वेळेवर गेलेल्यांसाठी. सरांनी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत चार वर्षं काढली. आता डॉक्टरांचं म्हणणं होतं की अंधार पडणार नाही, पण रंग जातील. उन्हाळा लागेपर्यंत सगळं करडं होईल.

‘‘तुझं यंत्र चित्र दाखवणार,’’ ते म्हणाले. ‘‘मला फूल पाहायचंय.’’

ते फूल त्यांनी एकदा पाहिलं होतं. फूल कसलं, तीन पाकळ्या. बंगला बांधला त्या वर्षी पाण्याच्या टाकीशेजारी त्यांनी एक गुलाबी गुलाब लावला होता, स्वतः कलम बांधून. तिसऱ्या वर्षी त्याच्या एका फुलात तीन पाकळ्या वेगळ्याच निघाल्या. तांब्याच्या घागरीला चिंच लावायच्या आधी तिच्यावर जो रंग असतो तो, पण आत कुणी दिवा लावल्यासारखा. शरयूला घरातून ओढत आणून त्यांनी तो दाखवला होता. तिच्या हाताला कणीक होती, आणि ती पाकळीला लागेल म्हणून त्यांनी तिचे हात तिच्या पाठीमागे धरून ठेवले होते. तरुण होती दोघं. पाकळ्या दोन दिवसांनी गळल्या.

त्या फांदीला सरांनी हिरवी लोकर बांधली. तिच्यावरून अनेक कलमं केली. ते पात्यानं साल उघडून अंकुर बसवायचे आणि शरयू पट्टी गुंडाळायची. ती शिवणाचे क्लास घ्यायची, तिची बोटं या कामात त्यांच्यापेक्षा हलकी होती. सगळी कलमं गुलाबी निघाली. सरांनी तो रंग कागदावर आणायचा प्रयत्न केला. पेट्याच्या पेट्या संपल्या, पण तो दिवा काही लागेना. मग उरलं ते रोज सकाळी टाकीकडे जाणं. चहाच्या आधी ते तिथे जायचे, मान वर करून एकेक फांदी पाहायचे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून शरयू विचारायची, ‘‘आली का?’’

‘‘नाही अजून.’’

मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या कोपऱ्यात करून घेतलं आणि ते एकमेकांना फारसं दाखवलं नाही. पण ‘आली का’ आणि ‘नाही अजून’ हे मात्र रोज व्हायचं, आणि शरयूला कधीकधी वाटे की आपला संसार या दोन वाक्यांवरच उभा आहे. ‘नाही’ म्हणून ते थांबले असते तर ती केव्हाच विचारायची थांबली असती. त्या ‘अजून’नं सगळं चालू ठेवलं होतं.

सर दुपारी झोपले तेव्हा मृण्मयीनं टिचकी बाहेर काढली. शरयू गवार घेऊन टाकीच्या कट्ट्यावर बसली. टक, टक, टक असा आवाज होत राहिला आणि दर वेळी मोबाइलवर एक गुलाबी फूल उमलत राहिलं.

‘‘मला एक सांग,’’ शरयू म्हणाली, ‘‘मुळात तो रंग आला कुठून? झाडाच्या सात पिढ्यांत नव्हता.’’

‘‘होता की. मावशी, या पाकळीत दोन रंग तयार होतात. गुलाबी आणि पिवळा. पिवळा कळीच्या पोटात असतो, पण कळी उमलायच्या आत एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा फडशा पाडतं. म्हणून आपल्याला फक्त गुलाबी दिसतो.’’

‘‘म्हणजे पिवळा असतोच?’’

‘‘रोज असतो. दिसेपर्यंत टिकत नाही एवढंच. आता जनुकांत काही उनाड तुकडे असतात. एका जागेवरून उठायचं, दुसरीकडे जाऊन बसायचं, हाच त्यांचा धंदा. असा एखादा तुकडा त्या विकराच्याच जनुकात जाऊन बसला की विकर तयार होत नाही. पिवळा वाचतो. त्याच्यावर गुलाबी चढला की काकांचा तांब्याचा रंग.’’

‘‘मग अख्खं झाड तसं का नाही झालं?’’

‘‘कारण हे एकाच पेशीत घडतं. तिच्या लेकी-नाती तेवढ्या तशा होतात, बाकीचं झाड आपलं जुनंच. तू साड्या पाहतेस ना? उभ्या सुतात एक धागा वेगळा लागला की तो लांबीभर जातो, पण जिथे वर येतो तिथेच दिसतो. तसा तो पट्टा फांदीतून बारीक गेलेला असतो. पाकळीचा रंग सगळ्यात वरच्या थरात असतो. पट्टा तिथे आला तर फूल रंगतं. काकांनी घेतलेले अंकुर पट्ट्याच्या बाजूला पडले असणार. अगदी बोटभर बाजूला.’’

‘‘तुमच्या प्रयोगशाळेत नाही का काढता येत?’’

‘‘पेशी सुट्या करून वाढवल्या की थर विस्कटतात. रंग गेलाच म्हणून समज. त्याला झाडावरच फुटू द्यावं लागतं.’’

वरचं सगळं झाड गुलाबी निघालं. मृण्मयी घाम पुसत खाली बसली. जाता जाता करावं तसं तिनं बुंध्याजवळची माती बोटानं उकरली आणि कलमाच्या जोडावर, त्या जाड गाठीवर, टिचकी टेकवली.

मोबाइलवर फूल उमललं. शरयूच्या हातातली शेंग तशीच राहिली. पडद्यावरच्या रंगात दिवा नव्हता, पण घागर तीच होती.

मृण्मयी आता मांडी ठोकून बसली. गाठीवर कापलेल्या फुटव्यांचे जुने खुंट होते, एकावर एक, बोरांच्या बियांसारखे. त्यांच्या सालीखाली अजून जीव होता. तिनं प्रत्येकावर टिचकी मारली, बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं घातलं, आणि मग वेगळ्याच आवाजात बोलली.

‘‘पेशी फुटताना बारीकसारीक चुका होतात, मावशी. त्या चुका पुढच्या पेशींकडे वारशानं जातात. त्या ताडून पाहिल्या की कुठला फुटवा आधीचा, कुठला नंतरचा, ते कळतं. तो तुकडा इथे, या गाठीत येऊन बसला. झाड लहान असतानाच. वर गेला तो नुसता पट्टा, आणि तोही तेव्हाच संपला. पण इथून जो फुटवा निघतो तो पूर्ण त्या रंगाचा असतो. आणि असे फुटवे पुन्हा पुन्हा निघालेत. कुणीतरी दर खेपेला कापलेत.’’

शरयूला काही विचारावं लागलं नाही.

गुलाबाचं कलम म्हणजे खाली रानगुलाबाचं मूळ आणि वर घरच्या गुलाबाचा अंकुर. रानगुलाब दांडगा. त्याच्या मुळातून फुटवे येतात आणि वेळीच छाटले नाहीत तर वरच्या नाजूक गुलाबाला खाऊन टाकतात. घरच्या गुलाबाच्या एका देठावर पाच पानं असतात आणि रानाच्या सात, असा सरांचा ठोकताळा होता. ‘पाच घरची, सात रानची’ हे त्यांचं वाक्य. शाळेतल्या पोरांना, पेन्शनरांना, गुलाबाची कुंडी घेऊन येणाऱ्या नव्या सुनांना, साऱ्या तळेगावाला त्यांनी ते पाठ करायला लावलं होतं. खाली सात पानं दिसली की कात्री चालवायची, विचार करायचा नाही.

‘‘सात पानं घरच्या गुलाबालाही येतात,’’ मृण्मयी हळूच म्हणाली. ‘‘फुटवा जोमाचा असला की येतात. आणि जोड मातीत गेला की तो मुळातून आलाय की गाठीतून, ते कळत नाही.’’

जोड मातीत गेला होता, कारण सर दर वर्षी स्वतःच्या हातानं शेणखताची पाटी तिथे ओतत होते. ज्या झाडावर जीव, त्याला एक पाटी जास्त.

‘‘काखेत कळसा...’’ मृण्मयी म्हणाली आणि मावशीचा चेहरा पाहून तिनं म्हण अर्धीच सोडली.

शरयूला रडू आलं. तिला सकाळी मान वर करून उभे राहिलेले अच्युतराव दिसत होते. आधी काळ्या केसांचे, मग पांढऱ्या, मग काठी घेतलेले. वर शोधायचे, आणि पायाशी आलेलं कापून कचऱ्यात टाकायचे. पुष्कळदा ती कचऱ्याची पाटी तिनंच उचलून नेलेली होती. भविष्य सांगायला आणलेलं यंत्र मागचं सगळं सांगून बसलं होतं, आणि ते परत पर्समध्ये घालून काही होणार नव्हतं.

‘‘हे बघ,’’ मृण्मयीनं माती आणखी बाजूला केली. गाठीतून वीतभर उंचीचा एक तांबूस फुटवा वर आला होता. सरांना नीट दिसत नव्हतं, या वर्षी ते इतक्या खाली वाकले नव्हते, म्हणून तो राहिला होता. त्याच्या प्रत्येक देठावर सात पानं होती. ‘‘थंडीत फूल देईल. काकांना रंग दिसतोय तोवर. उठवू त्यांना? सांगू?’’

‘‘नाही.’’

‘‘अगं, पण...’’

‘‘फूल दाखवायचं,’’ शरयू म्हणाली. ‘‘बाकीचं नाही दाखवायचं. डोळे जायच्या आधी माणसाला काय दाखवायचं ते मला ठरवू दे.’’

मृण्मयी वाद घालणारी मुलगी होती, पण त्या दिवशी तिनं घातला नाही. जाताना एवढंच म्हणाली, ‘‘एक लक्षात ठेव. तो तुकडा उनाड आहे. बसला तसा उठूही शकतो. कळी उमलेपर्यंत मी हमी देणार नाही.’’

दसरा झाला आणि छाटणी आली. सरांनी या वर्षी छाटणी करू नये असं डॉक्टरांनी, मृण्मयीनं आणि शरयूनं वेगवेगळं सांगून पाहिलं होतं. पण छाटणीला डोळे लागतात हे त्यांना मान्यच नव्हतं. ‘‘हात आहेत ना,’’ ते म्हणाले. आणि खरोखरच हातांनी ते झाडागणिक काम करत गेले. फांदीवरून बोटं फिरवायची, गाठ चाचपायची, बाहेरच्या अंगाला अंकुर आला की त्याच्या वर तिरका काप घ्यायचा. शरयू पाटी घेऊन मागे. टाकीशी आल्यावर ती पाटी खाली ठेवून त्यांच्याजवळ सरकली.

वरचं झालं. मग काठी टाकीला टेकवून सर गुडघ्यावर बसले.

‘‘राहू द्या हो. खालचं मी बघते.’’

‘‘तू बघतेस आणि फुटवे वाढतात.’’ त्यांचा हात बुंध्यावरून खाली उतरला, थबकला, आणि फुटव्यावर आला. त्यांनी एक देठ बोटांत धरला आणि एकेक पान चाचपलं. शरयूला त्यांचे ओठ मोजताना दिसत होते. ‘‘सात,’’ ते म्हणाले, आणि कात्री खाली गेली.

शरयूनं कात्रीच्या तोंडात हात घातला. तिनं विचार केला नाही. केला असता तर कदाचित आरडाओरडा केला असता, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं.

‘‘अहो, माझं बोट आहे तिथे.’’

सर चरकले. त्यांच्या हातातून कात्री पडली. त्यांनी तिचा हात धरून बोटं एकेक करून चाचपली, सगळी आहेत ना ते पाहिलं. ‘‘वेडी आहेस का तू? शरयू, आता मला दिसत नाही, कळत नाही का तुला?’’ हे ते पहिल्यांदाच असं तोंडानं म्हणाले होते.

‘‘म्हणून तर म्हणते, मी कापते.’’

‘‘काप मग. जोडाच्या खालून, मुळापासून. अर्धा ठेवू नकोस.’’

तिनं कात्री उचलली, फुटव्याशेजारी पडलेली एक वाळकी काडी पात्यांत धरली आणि कचकन तोडली. सरांनी कान देऊन तो आवाज ऐकला, समाधानानं मान हलवली आणि काठीसाठी हात पुढे केला. इतक्या वर्षांत शरयू त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती असं नाही, पण आवाजानं खोटं बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग सुरू झालं थांबणं, आणि आता ते तिच्या वाट्याला आलं. तिला वाटलं होतं, फूल येणार हे ठाऊक असल्यावर वाट पाहणं सोपं जाईल. उलटच झालं. सर ज्याची वाट पाहत त्याला तारीख नव्हती. आजचा दिवस गेला तरी उद्याचा असे. तिच्या वाट पाहण्याला आता दोन टोकं होती. एकीकडे फुटवा चढत होता आणि दुसरीकडे सरांचे रंग उतरत होते. ती पहाटे उठून आधी टाकीपाशी जाई आणि मग घरात येऊन त्यांची परीक्षा घेई. हा टॉवेल कोणता? ही भाजी कसली? पालक आणि चाकवत त्यांना एकच दिसू लागले. दिवाळीत पणतीची ज्योत पिवळी दिसली. पण तिच्या खालची रांगोळी त्यांना नुसती खडूची वाटली.

सकाळी सर टाकीकडे जायचे ते अजून थांबले नव्हते. मान वर करून उभे राहायचे, चेहरा थोडा वळवून, जणू झाडाशी बोलणं बंद आहे.

‘‘आली का?’’ ती खिडकीतून विचारी. फुटवा त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलेला तिला तिथून दिसत असे.

‘‘नाही अजून.’’

कमरेपर्यंत वाढल्यावर तिनं तो अलगद वळवून वरच्या फांद्यांत घेतला आणि कलमाच्या जुन्या पट्टीनं बांधला, म्हणजे तो वरूनच आल्यासारखा दिसावा. मार्गशीर्ष लागला तेव्हा त्याच्या शेंड्याला कळी धरली. कळीचं हिरवं फाटलं आणि आतली पहिली रेघ दिसली, ती गुलाबी.

शरयूनं मृण्मयीला फोन लावला.

‘‘गुलाबीच दिसणार सुरुवातीला,’’ ती म्हणाली. ‘‘पण... मावशी, तो तुकडा उठलाही असेल. टिचकी घेऊन येऊ का? आत्ता निघते.’’

शरयूनं खिडकीतून टाकीकडे पाहिलं. एका टिचकीत कळलं असतं. नसेल तर आस सोडून देता आली असती, आणि असेल तर रात्री झोप लागली असती.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘उमलू दे.’’

दोन दिवसांनी सकाळी ती टाकीपाशी गेली तेव्हा कळी अर्धी उघडली होती. ऊन अजून यायचं होतं. शरयू कितीतरी वेळ पाहत उभी राहिली. कणकेचे हात पाठीमागे धरलेले होते तेव्हा जे पाहिलं होतं, ते पुरतं पाहिलंच नव्हतं, असं तिला वाटलं. तेव्हा तीन पाकळ्या होत्या, आज ओंजळभर. बाहेरून घागरीचा काळवंडलेला तांबूस रंग आणि आत खोलवर तो पिवळा, जो रोज असायचा आणि दिसेपर्यंत टिकायचा नाही. घरात दोन माणसं असताना हे एकटीनं पाहायला तिला लाज वाटली.

मग तिची नजर पानांवर गेली. सात.

ती वाकली. शेंड्यापासून खालपर्यंत, हाताला येईल अशा प्रत्येक देठावरची तळची दोन पानं तिनं नखानं खुडली. बारीक काम होतं, पण तिची बोटं त्याच कामाची होती. खुडलेली पानं तिनं पदरात घेतली आणि मागे जाऊन मातीत पुरली. आता पाच राहिली. घरची.

सरांना तिनं हाताला धरून आणलं. काही सांगितलं नाही. टाकीपाशी उभं केलं आणि मागे सरली. नेमकं तेव्हाच ऊन कुंपणावरून आलं. सरांनी सवयीनं मान वर केली, चेहरा वळवला, आणि तसेच राहिले.

शरयूला वाटलं, उशीर झाला; रंग गेले. ती पुढे झाली आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रश्न त्यांच्या शेजारी उभं राहून विचारला.

‘‘आली का?’’

‘‘दिवा लागलाय गं,’’ सर म्हणाले. ‘‘आत बघ. पिवळा आहे तो. म्हणून माझा कागदावर जमेना. मी वरून पिवळा देत होतो. तो आतून यायला हवा होता.’’ ते फुलाभोवती हळूहळू फिरले, डोळ्यांच्या एका कडेनं पाहिलं, मग दुसऱ्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना वेळ नव्हता. ‘‘कोणती फांदी? लोकरीची?’’

‘‘तिच्याच बाजूची,’’ शरयू म्हणाली. ‘‘वरची.’’

‘‘वरची,’’ ते म्हणाले, आणि त्यांचा हात फुलाखाली गेला. देठ त्यांनी बोटांत धरला. बोटं एकेका पानावरून खाली आली. एक, दोन, तीन, चार, पाच. तिथे थांबायला हवी होती. पण ती देठावरून आणखी खाली घसरली आणि जिथे पान नव्हतं तिथे थांबली. एका बाजूला एक ओला टोचरा बिंदू, समोर दुसरा. सरांनी दुसरा देठ धरला. मग तिसरा. प्रत्येक ठिकाणी ते दोन बिंदू होते, अजून चिकट. मग त्यांचा हात फांदीवरून खाली गेला, जुन्या पट्टीच्या गाठीपर्यंत. ती गाठ कुणाच्या हातची ते त्यांना डोळे मिटूनही कळलं असतं. तिथून पुढे, खाली मातीकडे, हात गेला नाही. तो परत वर आला.

कुठेतरी रिक्षा सुरू होऊन निघून गेली. शरयूला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, तो वळलेला होता. आणि ते आता फुलाकडे पाहत होते की तिच्याकडे, हे सांगता येत नव्हतं.

‘‘पानं पाच आहेत,’’ सर म्हणाले.

‘‘पाचच आहेत.’’

त्यांनी तिचा हात घेतला. छाटणीच्या दिवशी घेतला होता तसाच, बोटं एकेक चाचपत. नखांत अडकलेला हिरवा चीक त्यांच्या अंगठ्याला लागला. त्यांनी तो हात नाकाशी नेला. कच्च्या पाल्याचा वास लपत नाही. शरयूचे डोळे भरून आले, तिनं काही बोलायला तोंड उघडलं, आणि सरांनी तिची बोटं आपल्या मुठीत मिटून घेतली.

‘‘मग घरचीच आहे,’’ ते म्हणाले.

दोघं ऊन टाकीवर चढेपर्यंत तिथेच उभी राहिली. चहा उतू गेला होता, ते नंतर कळलं.